बारा वर्षांखालचा गट

न्हाय मास्तर, ह्या फारमावर सही मागनं करतो. आदी ती उंच पोरगी कुनाची ते सांगा — राजनंदिनी का कोन, रांगंच्या मदी असती बगा. ती बाराच्या आतली? मला बनवता व्हय? एमआयडीसीतल्या त्या गोदामात तुमचा सराव धा दिस बसून बगतोय मी — नातीला, सुकन्याला सोडायला येतो, पर नजर समद्यांवर असती माजी. तुमीच म्हनला न्हवं का, स्केटिंगच्या संघात सोळा पोरी, हातात हात, समद्यांचं पाय एकदम वळलं पायजेत, एक पडली तर सोळाजनींचं गुन कापत्यात. बारा वर्षांखालचा गट येगळा, वरचा येगळा — आन् एकबी पोरगी वयानं जास्त निगाली तर अख्खा संघ भायेर. मंग? पुन्याच्या स्पर्धेत कुनीतरी बोट दाखवायचं आन् माज्या नातीनं रडत घरी यायचं? तिला आई न्हाय, मास्तर. त्या चाकाच्या बुटांवर चढली की हसती — तेवडंच हसती ती. म्हनून इचारतोय.

दाखला बगितला म्हनं. दाखल्याचं मला सांगू नगा. गुरुजी लिवत्याल ती तारीख, आर्धा गाव एक जूनलाच जन्मलाय. चाल बगा, अंगकाठी बगा. आता आमची सुकन्या — तिचा तोल का जात न्हाय, ठावं हाय? दोन वरसं मेंढरांमागं कोकनापतूर चाललीय माज्यासंगं. सहा वरसाची निगाली हुती, आठ सरल्यावर सांगवीच्या शाळंत आनून पहिलीत बसवली. गुरुजी म्हनलं, आबा, पोरगी थोराड दिसती, सहाच लिवतो. म्या म्हनलं, लिवा, काय फरक पडतोय. आता सहावीत हाय, म्हंजी —

पेन का थांबला, मास्तर?

असं बगू नगा. मेंढरांचं बोलत हुतो मी. ती राजनंदिनी ऱ्हाऊ द्या, असत्यात एकेक पोरी उंच. आना कागद, कुठं करायची सही? — घडी का घालताय? बरं, वरच्या गटात घ्या मंग हिला. तुमचा वरच्या गटाचा संघच न्हाय? व्हय, तेबी म्हनला हुता तुमी.

बाकीच्या पंधराजनी हायत, ते कळतंय मला.

जावा तुमी. मी सांगतो तिला. आन् ह्या मागल्या दारानं जावा — ती म्होरं अंगनातल्या फरशीवर बूट घालून तुमचीच वाट बगतीय.