शेजारचा फोटो

फ्रेमवाल्याकडे आपली पाळी येईपर्यंत मास्तरीणबाईंनी दोन जुने फोटो घेऊन पुढे उभ्या असलेल्या मावशी-भाच्याकडे कान लावले.

"मावशी, आजोबा इंग्रजांच्या काळातले फौजदार ना? गेले कसे?"

"चोराच्या मागे धावताना कौलांवरून पडले. महिनाभर अंथरुणात होते, मग गेलेच."

"आणि चोर पळाला?"

"कुठला पळतोय! परत फिरला आणि पाठुंगळी घेऊन त्यांना दवाखान्यात पोचवलं."

"मग सोडलं असेल त्याला."

"छे रे! दारात उतरले आणि कण्हत कण्हत त्यालाच बेड्या ठोकल्या."

"हा दुसरा फोटो कुणाचा?"

"त्याचाच. सुटून आल्यावर जन्मभर आमच्या आईची लाकडं फोडली त्याने."

"म्हणून चोराचा फोटो आजोबांशेजारी?"

"आईच सांगून गेलीय. म्हणाली, शेजारीच लावा, ह्यांना नजर ठेवायला बरं पडेल."