थोडाफार चान्स

“काका, मुलीला कंपनीत टर्नरच्या कामाला चान्स आहे का हो?”

आकुर्डीच्या बसथांब्यावर मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोन कामगारांना मी हे विचारलं.

“अजिबात न्हाई, पोरी.”

“अजिबात कसं, सोपानराव? फारसा नाही म्हणा.”

“तू गप, जयसिंग. लोखंड कातायचं लेथ मशीन म्हंजी काय पोळपाट हाय?”

“परवा तुमच्या सायकलची चेन पडली, ती कुणी बसवली?”

“आमच्या पोरीनं, शालननं.”

“आणि विहिरीवरची मोटार?”

“तीबी तिनंच. लई हात बसलाय तिचा.”

“मग आता सांगा, कितपत चान्स आहे?”

“थोडाफार हाय म्हण.”

“थोडाफारच?”

“एकटी गेली तर थोडाफार. दोघी-तिघी मिळून गेल्या, तर सायबाला न्हाई म्हणाया जड जाईल. मग बऱ्यापैकी हाय.”

“शालनला सांगू का हे?”

“नगं राव! उद्याच माझ्या मागं लागंल.”

घरी पोचल्यावर दप्तर खांद्यावरच ठेवून मी जाहीर केलं, “आई, बाबा, दहावीनंतर मी आयटीआयला टर्नर व्हायला जाणार. आणि उद्या सोपानरावांच्या शालनला शोधायला जाणार!”