व्हय, मला पासवर्ड ठावा हुता

आमचं मूळ तिकडं कर्नाटकाच्या हद्दीला, पण माझा जन्म पेठ वडगावचा. घरात कानडी, दारात मराठी. आईला अव्वा म्हणायचं, वडलांना अप्पा. अप्पांची पिठाची गिरण हुती बाजाराच्या मागं, अजून हाय, आता धाकट्या बहिणीचा नवरा चालवतोय. आणि आधीच सांगतो पावणं, मी बाईमाणूस असून आलो-गेलो म्हणतो त्याला हसू नका, आमच्याकडच्या पोरी असंच बोलत्यात. पुण्याला मुलाखतीला गेलतो तवा तिथली मॅडम लई हसली, ते सांगीन म्होरं.

बारावी झालो आणि आयटीआयला कॉम्प्युटरला नंबर लागला. अप्पांना कॉम्प्युटर म्हंजे काय ते ठावं न्हवतं, पण गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे, थोरलीनं कॉम्प्युटर घेतलाय, म्हंजे मी जणू इकतच घेतलाय. कोर्स संपला, मंग एक वर्षाची अप्रेंटिसशिप. कोल्हापुरात एक शिक्षणसंस्था हुती, नाव नका इचारू, मोठी कॉलेजं हुती त्यांची, तिथल्या कॉम्प्युटर खात्यात मला घेतलं. दोन हजारच्या पुढचं एखादं वर्ष धरा. रोज सकाळी वडापनं जायचं, जीपच्या मागच्या फळकुटावर मांडी आखडून, आणि तिथं सगळ्यांच्या आधी पोचून खातं उघडायचं. एक किल्ली माझ्याकडं असायची, दुसरी साहेबांकडं.

खात्याचे साहेब म्हंजे सुभेदार सर. मिलिटरीत बिनतारी संदेशाच्या कामात हुते, रिटायर होऊन हिकडं लागलेले. ताठ माणूस, बुटाला पालिश, आवाज असा की शेजारच्या खात्यातली टायपिस्ट दचकायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, बाळ, टायपिंग करायला लई पोरी मिळत्यात, तुला मी राखण शिकवतो. मी म्हटलं, कसली राखण सर. तर म्हणाले, रानात पीक उभं असलं की राखणीला माणूस लागतोय का न्हाय, तसं ह्या मशिनीत मुलांचे मार्क हायत, दाखले हायत, त्यांची राखण.

आता सायबर सिक्युरिटी का काय म्हणत्यात न्हवं, त्यो शब्द तवा आमच्याकडं कुणी ऐकलाबी न्हवता. पण काय सांगू तुम्हाला, मला त्या कामाचं येडच लागलं. कुणी फ्लॉपी आणली की आधी व्हायरस बघायचा, मंगच आत घालू द्यायची, मंग तो प्राध्यापक असू दे न्हायतर प्राचार्य. मोठ्या मशिनीत एक नोंद आपोआप हुयाची, कोण आत आलं, कवा आलं, कुठल्या टेबलावरनं आलं, काय बदललं. ती नोंद रोज सकाळी कागदावर काढायची आणि ओळ न् ओळ वाचायची. सर म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, ही नोंद खोटं बोलत न्हाय. आणि म्हणायचे, पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाय, सख्ख्या आईला न्हाय, मलाबी न्हाय. एकदा परीक्षा खात्याच्या बाईंनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाला चिकटवलता, सरांनी ती चिठ्ठी सगळ्यांच्या देखत फाडली. बाई आठ दिवस सरांशी बोलल्या न्हाईत.

त्याच सरांनी त्यांचा पासवर्ड मला सांगिटला.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालतं. मोतीबिंदू. हिरवी पट्टी बांधून यायचे, पडद्यावरचं काय दिसायचं न्हाय, आणि निकालाचं काम तर तोंडावर आलेलं. तवा म्हणाले, बाळ, माझ्या जागेवर बस, मी सांगतो तसं कर. आणि माझ्या कानाजवळ वाकून पासवर्ड सांगिटला, चढलेले मार्क बदलायला त्योच लागायचा. खरं सांगू, मला इतकं भारी वाटलं त्या दिवशी. वाटलं, एवढा कडक माणूस, कुणावर इश्वास टाकत न्हाय, माझ्यावर टाकला. घरी येऊन अव्वाला सांगिटलं, अव्वा म्हणाली, काय दिलं म्हणे त्यांनी तुला? मी म्हटलं, दिलं न्हाय काय, सांगिटलं. ती आपली भाकरी थापत राहिली.

सरांनीच मला पुण्याला धाडलं. त्यांचा मिलिटरीतला दोस्त एका कंपनीत हुता, व्हायरस पकडायचं काम चालायचं तिथं. मुलाखतीला ती मॅडम हसली म्हटलं न्हवं, तिनं इचारलं, नोंदीत काय बघतेस, तर मी म्हटलं, रोजच्या परीस येगळं काय हाय तेवढंच बघतो. ती हसायची थांबली. बाहेर बसा म्हणाली, आणि अर्ध्या तासानं आत बोलवून सांगिटलं, अप्रेंटिसचं सर्टिफिकेट हातात पडलं की ते घेऊन ये, लगेच रुजू करून घेतो. अप्पांनी गिरणीत गूळ-खोबरं वाटलं. माझं वर्ष भरायला दीड महिना राहिलता.

मंग एका सोमवारी सकाळी नोंद वाचाय बसलो तर रविवारची एक ओळ. रविवारी ऑफिस बंद. आणि सरांच्या पासवर्डनं, सरांच्या मशिनीवरनं कोण तरी आत आलेलं, एका मुलाचे तीन विषयांचे मार्क बदललेले. आणि बघा पावणं, माझी अक्कल किती ती, माझ्या मनात कणभरसुद्धा आलं न्हाय की सरच असतील. मी पळत गेलो, सर नुकते सायकलीवरनं उतरत हुते, म्हटलं, सर, तुमचा पासवर्ड चोरीला गेलाय.

सरांनी कागद घेतला. ओळीवर बोट ठेवून वाचला. पट्टी तवा सुटली हुती, चांगलं दिसत हुतं त्यांना. मंग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, बाळ, कुणाला बोलू नको, मी बघतो. मी म्हटलं, व्हय सर. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मशिनीतली रविवारची नोंदच न्हाय. सर म्हणाले, जागा भरलती, जुनं पुसलं. मी त्येबी खरं मानलं.

महिन्याभरानं कुणा दुसऱ्या मुलाच्या वडलांनी त्या मार्कांची तक्रार केली आणि चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडं तिघं, आणि बाजूच्या खुर्चीत सर. मला उभं केलं. एकानं इचारलं, खात्याची किल्ली तुमच्याकडे असते? म्हटलं, व्हय. साहेबांचा पासवर्ड तुम्हाला माहीत होता? मी सरांकडं बघितलं. मला वाटलं आता ते बोलतील, की डोळ्याचं असं असं झालतं, मीच सांगिटला. ते टेबलाकडं बघत हुते. त्या माणसानं परत इचारलं, हो की नाही, एवढंच सांगा. मी म्हटलं, व्हय, मला पासवर्ड ठावा हुता.

झालं की. न्हाय म्हटलं असतं तर कोण काय करणार हुतं, कुठं पुरावा हुता? पण खोटं बोलायचं सुचलंच न्हाय. मी सांगिटलं, रविवारी मी गिरणीत हुतो, तर म्हणाले, साक्षीला कोण, म्हटलं अप्पा, तर एकजण नुसता हसला. मी कागदाचं सांगिटलं, सरांच्या खिशातल्या कागदाचं. सर म्हणाले, असा कागद मला मिळालेला नाही. पहिल्यांदा त्यांना एवढ्या बारीक आवाजात बोलताना ऐकलं.

अप्पांना बोलवून घेतलं. ते गिरणीतनं तसेच आलते, कपाळाला विभूती, भुवयांवर पीठ. आत काय बोलले कळलं न्हाय, बाहेर आले तवा म्हणाले, चल. पोलिसात देत न्हाईत म्हणाले, पोरीची जात म्हणून सोडतो, पण सर्टिफिकेट न्हाय. वडापमधी आम्ही समोरासमोर बसलतो. वडगावचा फाटा आला तवा अप्पांनी कानडीत हळूच इचारलं, तू केलंस का गं? मी म्हटलं, न्हाय. त्यांनी परत आयुष्यात कवा इचारलं न्हाय, लोकांशी माझ्यासाठनं भांडले, पण पावणं, एकदा इचारलंच की. ते माझ्या काळजातनं जात न्हाय.

पुण्याला पत्र लिवलं, सगळं खरं खरं लिवलं. उत्तर आलं न्हाय. ज्याला राखणीला ठेवायचं त्याच्यावरच चोरीचा ठपका, कोण उत्तर दील? गावात कोण म्हणायचं, कॉम्प्युटरमधनं मार्क चोरले, कोण म्हणायचं साहेबाशी काय तरी हुतं. स्थळं आली ती दारातनंच माघारी गेली, मंग यायचीबी थांबली. धाकटीचं आधी उरकलं. त्या लग्नात मी आत अक्षता पुड्यात बांधत बसलो, मांडवात गेलोच न्हाय.

सहा-सात वर्षं गेली. मी हातकणंगल्यात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत हुतो, अजूनबी तिथंच हाय. एक दिवस दुपारी सर आले. पार वाळलेले, बुटाला पालिश न्हाय. बाकड्यावर बसले आणि म्हणाले, बाळ, मार्क बदलायला वरनं सांगणं आलतं, माझी नोकरीची दोन वर्षं राहिलती, मी केलं. तुझं वाटोळं केलं मी. मला माफ कर. मी टायपिंग थांबवलं न्हाय आधी. मंग टाइपरायटरात कोरा कागद घातला आणि म्हटलं, सर, हेच सांगा, मी टाइप करतो, खाली सही करा. ते म्हणाले, माझी पोरं हायत गं, पेन्शन हाय. मी म्हटलं, मंग माफी कशाला मागता सर? उठले, वाकून बूट घालताना तोल गेला. मी उठून धरलं न्हाय.

आवंदा, ह्या वर्षी, सर वारले. अप्पा त्याच्या आधीच गेले, त्यांना हे सांगायला गावलंच न्हाय. सर येऊन गेले त्या दिवशी घरी आल्या आल्या सांगायला पाहिजे हुतं, पण अप्पांचं तवा दुखणं चाललतं, म्हटलं उद्या सांगू, परवा सांगू. आता खरं काय झालं ते सांगणारं जगात मी एकटी, आणि आता तुम्ही.

रडत न्हाय मी आता. सकाळी दुकान उघडतो, लोकांचे अर्ज टाइप करतो, सातबाऱ्याच्या झेरॉक्सा काढतो, संध्याकाळी अव्वाला गोळ्या देतो. दिवस जातोय. पेपरात कुठं तरी कॉम्प्युटरात शिरून चोरी केल्याचं आलं की वाचतो, मनातल्या मनात म्हणतो, ह्यांच्यात नोंद कुणी वाचली न्हाय. मंग घडी घालून ठेवतो.

तुम्ही मघाशी इचारलंसा, नाव छापू का. लई वाटतंय छापावं, ठळक छापावं, मी न्हाय केलं म्हणून. पण नको. धाकटीची लेक आता शाळेत पुढं पुढं चाललीया, तिला मावशीचं नाव नको लागायला. तुम्ही ऐकून घेतलं, लई झालं. तुमच्या लेकराबाळांना चांगली माणसं भेटू देत. नाव तेवढं नका लिवू.