कोळंबीला सलाईन

नाही, मरायचं तर मरा ना! मी कुठे अडवलंय? पण दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये मरायचं? काचेला चिकटून, पाय वर करून, समोर चार पेशंट गाल धरून बसलेले असताना? तुम्हाला सांगतो, माझ्याकडे येणारा माणूस आधीच अर्धमेला असतो, आत ड्रिलचा आवाज आला की त्याची दातखीळ बसते, आणि त्यात हे दर्शन... एक बाई तर म्हणाल्या, "डॉक्टर, माझी दाढ आता अजिबात दुखत नाहीये हो!" आणि गेल्या की निघून, छत्री माझ्याकडेच विसरून! माझं काय चुकलं, सांगा ना!

ही माशांची टाकी ठेवायची कल्पना माझी नव्हेच. बायकोची. तीही तिच्या वडिलांसाठी. सासरे आमचे, वय बहात्तर, विमा कंपनीत होते, आणि काम काय, तर माणूस गेला की तो कसा गेला, कधी गेला, मुळात गेलाय तरी का, याची चौकशी करायची. अशा माणसाची खालची डावी दाढ किडलीये. पार मुळापर्यंत. गाल सुजतो, उतरतो, परत सुजतो. तीन महिने मी दाताच्या कण्या करतोय, मी, दातांचा डॉक्टर, की बाबा, आत पू झालाय, जबड्यात पसरेल, काढू द्या! ते रोज येतात. बरोब्बर अकराला. वेटिंग रूमपर्यंत. तिथून पुढे एक पाऊल नाही! आणि घरी बायको डोळ्यांत पाणी आणून, "अहो, बाबा बिस्कीट चहात बुडवून नुसतं गिळतात. अख्ख्या जगाचे दात काढता, माझ्या बाबांची एक दाढ निघत नाही तुमच्याच्यानं?" आता मनातून मलाही काळजी वाटतेच ना हो! पण बोलायची सोय नाही.

तर बाबांचं मन शांत व्हावं म्हणून टाकी, आणि टाकीत लाल श्रिंप, म्हणजे शोभेची कोळंबी. नखाएवढ्या. दहा. दुकानातून पिशवी आणली, गाठ सोडली, ओतली. संपलं! ओतल्यावर अजून काय करतात? अक्षता टाकतात? दुसऱ्या दिवशी सकाळी चार गेल्या. दुपारपर्यंत सात. संध्याकाळी टाकीत नुसते दगड आणि पाणी.

आणि तिसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून बाबांची चौकशी सुरू! चष्मा कपाळावर, नाक काचेला. "शेवटचं जिवंत कोणी पाहिलं? ... त्या वेळी तुम्ही कुठे होतात, जावईबापू? ... खोलीत आणखी कोण होतं?" अहो, कोळंबी आहे ती! पेशंट ऐकतायत! रिसेप्शनवरची मुलगी तोंडात रुमाल कोंबून हसतेय! आणि मग निकाल, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. "जो माणूस दहा कोळंब्या जगवू शकत नाही, त्याच्या हातात मी माझा जबडा देऊ?" मी म्हटलं, जगवून दाखवली तर? म्हणाले, "तर बसतो खुर्चीत. शब्द देतो."

झालं! दाढेचा मामला कोळंबीवर येऊन अडकला. मी दुकानदाराला फोन लावला. हा माणूस एवढा हळू बोलतो, एवढा हळू बोलतो, की दोन शब्दांच्या मधे माझी एक रूट कॅनाल होईल.

"डॉक्टर... पाण्यात तांबं जातंय का?"

म्हटलं, तांब्याच जातो. तांब्यानेच भरतो मी टाकी.

"तांब्याचा... तांब्या?"

नाही हो, स्टीलचा तांब्या.

"मग तांबं नाही."

अहो, तांब्या आहे म्हणतोय ना मी!

पाच मिनिटं! पाच मिनिटांनी कळलं, की तो धातूबद्दल बोलत होता. जुन्या पाइपातून, माशांच्या औषधातून पाण्यात तांबं उतरतं आणि श्रिंपना ते विष. आमच्याकडे ते नव्हतं. मग विचारतो, "सोडल्या कशा?" म्हटलं, ओतल्या. मग म्हणाला, "पिशवीतलं पाणी वेगळं, तुमचं पाणी वेगळं. एकदम टाकल्या तर धक्का बसतो त्यांना. सवय करावी लागते हो, डॉक्टर."

बरं. दुसऱ्या दहा आणल्या. या वेळी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी घातलं, आणि मुख्य म्हणजे स्वच्छता! टाकी घासली. दगड काढून आमच्या अवजारांच्या मशीनमध्ये घातले, ते वाफेवर निर्जंतुक करतं ना, त्यात. माझ्या ऑपरेशनच्या ट्रेपेक्षा चकचकीत टाकी! पाणी रोज बदललं, रोज! आणि तिसऱ्या दिवशी... सहा. पाचव्या दिवशी सगळ्या. माझं काय चुकलं, सांगा ना! बाबांनी टाकीपुढे खुर्ची ओढली आणि नुसत्या दगडांकडे बघत बसले. गाल मात्र लिंबाएवढा. ते बघणं फार लागलं हो मला.

फोन. "डॉक्टर... तुम्ही टाकी धुतलीत?" अभिमानाने सांगितलं, निर्जंतुक केली! तर म्हणतो, "अहो, त्यांना जंतूच लागतात! पाण्यातली घाण तेच जंतू पचवतात, नाहीतर पाणी विषारी होतं. आणि दगडावर जो बुळबुळीत थर धरतो ना, तेच त्यांचं जेवण."

थर! तुम्हाला सांगतो, मला खुर्चीत बसावं लागलं, माझ्याच खुर्चीत, आडवं. वीस वर्षं मी लोकांच्या दातांवरचा थर खरवडतोय. थर म्हटलं की माझा हात आपोआप अवजाराकडे जातो. आणि या बायांना तोच थर हवा? ताटात वाढून? "महिनाभर टाकी नुसती भरून ठेवा," म्हणाला, "थर धरू दे. आणि मुख्य म्हणजे... हात घालू नका!"

महिनाभर! दातांच्या दवाखान्यात हिरवी, बुळबुळीत टाकी! पेशंट टाकीकडे बघतात, मग भिंतीवरच्या 'स्वच्छ दात, निरोगी जीवन' या पोस्टरकडे बघतात, मग माझ्याकडे. एका आजोबांनी येता जाता बोटाने थर पुसायला घेतला, तेव्हा मी वैतागून पुठ्ठ्याचा बोर्ड लिहिला, मोठ्या अक्षरांत, दोरी बांधून टाकीला अडकवला: 'कृपया हात घालू नये. जीव नवीन आहे, घाबरतो. त्याच्या कलाने घ्यावे.' खाली सही. सवयीने डिग्रीही लिहिली.

मग तिसऱ्या दहा. सुट्टीचा दिवस, दवाखाना बंद, मी आणि बाबा दोघंच. दुकानदार म्हणाला होता, थेंब थेंब पाणी सोडा, दोन तास. थेंब थेंब? माझ्याकडे सलाईनची नळी आहे ना! वर टाकी, खाली बादलीत श्रिंप, मधे नळी, टप... टप... टप. दाराच्या काचेतून औषधांच्या दुकानाचा माणूस डोकावला आणि रस्त्यावरून ओरडला, "अरे, डॉक्टरनं कोळंबीला सलाईन लावलंय!" लावलंय! काय म्हणणं आहे?

आणि बाबा तिथे बसून एकटक बघतायत. तासाभराने हळूच म्हणाले, "बरं आहे यांचं. थेंब थेंब सवय करून देता. आम्हाला मात्र आल्या आल्या खुर्चीत आडवं, डोळ्यांवर दिवा, तोंडात नळ्या..." मग सुजलेल्या गालावर हात ठेवला. "भीती वाटते हो मला, जावईबापू." चाळीस वर्षं लोकांच्या मरणाची चौकशी केलेला माणूस! म्हटलं, बाबा, चुकलंच माझं. तुम्हालाही सवय करू. सावकाश.

चौथ्या दिवशी टाकीच्या तळाशी एक पडलेली. पांढुरकी, निपचित. बाबांनी चिमट्याने उचलली, उजेडात धरली, फिरवली. "आत कोणी नाहीये." म्हणजे? "म्हणजे हा मृत्यू नव्हे. बनाव आहे. कात टाकून पळालीये." मोजल्या. दहा! दहाच्या दहा, थर चरतायत! आम्ही दोघांनी मिठी मारली हो, रिसेप्शनवरच्या मुलीसमोर!

मग शब्दाप्रमाणे बाबांची सवय सुरू. पहिल्या दिवशी नुसते दारात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खुर्चीला हात लावला. तिसऱ्या दिवशी बसले, पण उलटे. चौथ्या दिवशी सुलटे. पाचव्या दिवशी दिवा लावला. एकदाही घाई केली नाही मी! आज सहावा दिवस. सकाळपासून बायकोचे तीन फोन, घरी मऊ भात तयार. मी इंजेक्शन भरलं, हातमोजे चढवले, अकरा वाजले, दार उघडलं, बाबा शांतपणे आत आले, खुर्चीत बसले, मान मागे टेकवली... आणि छातीवर काय?

बोर्ड! टाकीवरचा! दोरी गळ्यात!

'कृपया हात घालू नये. जीव नवीन आहे, घाबरतो. त्याच्या कलाने घ्यावे.'

माझेच दात, माझ्याच घशात! अक्षर माझं, सही माझी, खाली डिग्री माझी... आता कुठल्या तोंडाने 'आ करा' म्हणू, सांगा ना!