नानांच्या गालावरचा तीळ

आमच्या नानांना देवपूरला दृष्टिभ्रमाचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं, तेव्हाचं सांगतो. तिथं एक आरसा होता, डावं-उजवं न बदलणारा. लोकांना आपण जसे दिसतो, तसेच त्यात दिसायचो. नाना त्यात बघून दचकलेच.

"काय झालं, नाना?"

"सुपडू नाही रे ह्याच्यात!"

सुपडू म्हणजे नानांचा जुळा भाऊ, तरुणपणीच वारलेला. नानांच्या उजव्या गालावर तीळ, सुपडूच्या डाव्या.

"घरच्या आरशातल्या माणसाच्या डाव्या गालावर तीळ दिसतो. रोज दाढी करताना सुपडूशीच बोलतो मी. इथं मी एकलाच शे."

बाहेर बेसिनवर साधा आरसा होता. नाना त्याच्यासमोर जाऊन हळूच म्हणाले, "कुठं गेला होता रे?"

उत्तर ऐकल्यासारखे थांबले. मग पांढऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळले.

"तो म्हणतो, मी इथंच होतो. तिथं आत तुला कोण दिसलं?"