उजवी पापणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, रुग्णालयाचे सन्माननीय विश्वस्त, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम, आणि सभागृहातल्या सर्व बंधू-भगिनींनो,

पेशंटच्या नातेवाइकांतर्फे मला उभं केलंय. मी शिवणकाम करणारी बाई, त्यामुळे सुईदोऱ्याची सवय, माईकची नाही. सांभाळून घ्या.

माझी मुलगी जन्मली तेव्हा खोलीत ‘मुलगी झाली’ असं कुणी म्हणालंच नाही. कसं म्हणणार? तिचा उजवा डोळा खोबणीतून पुढे आलेला, भलाथोरला गोळाच. पापणी ताणून चकचकीत झालेली, मिटतच नव्हती. जो तो ‘घाबरू नका’ म्हणे, आणि म्हणताना दुसरीकडे बघे.

मॅडम आल्या. त्यांनी पडदे ओढायला लावले आणि त्या गोळ्याला बॅटरी टेकवली. गोळा आतून लाल उजळला. ‘आत पाणी आहे, हे बरं लक्षण,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण घाबरायला हवंच. मीही घाबरलेय.’ हसू नका, त्या वाक्यानेच मला धीर आला!

डोळ्याच्या मागे गाठ होती, माझ्या पोटात असतानाच वाढलेली. अशी बाळं क्वचितच जन्मतात म्हणे. आमच्याच वाट्याला का, हे कुणाला विचारायचं? ऑपरेशनआधी मी म्हटलं, ‘डोळा राहील ना?’ मॅडम म्हणाल्या, ‘आधी पोरगी राहू दे, मग डोळ्यासाठी भांडू.’

डोळा राहिला. त्याने फारसं दिसत नाही, पण रडताना पाणी दोन्हींतून येतं. गाठ पुन्हा येऊ शकते, लक्ष ठेवा, असं मॅडमनी बजावलं होतं. मी ठेवते. जेवताना, खेळताना, ती झोपली तरी. ती वैतागते, ‘आई, किती बघतेस गं!’

मॅडम, निवृत्तीनंतर आपण आराम करावा, आपल्याला उदंड आयुष्य लाभावं, असं बरंच काही मी पाठ करून आले होते. पण आज सकाळी फ्रॉक घालताना तिची उजवी पापणी मला किंचित फुगलेली वाटली. उजेडाचा दोष असेल. नसेलही. हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही; आत्ता ती तिसऱ्या रांगेत झोपलीय, म्हणून बोलतेय. अहो, तुम्ही उठू नका, जागी झाली तर तिला कळेल. बसा.

आयोजकांनी बोलायला दिलं, त्यांचे मनापासून आभार. लक्ष सारखं तिसऱ्या रांगेत जात होतं, त्यामुळे काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. आणि मॅडम, आज तुमचा शेवटचा दिवस आहे हे ठाऊक आहे मला. तरी चहाला जाण्याआधी तिच्याकडे एकदा बघाल का?