इराच्या कंपनीचा गेम

मी मूळची पुण्याची, लग्न झालं आणि ह्यांच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीला आले, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. हिंदीचा गंध नाही, भाजीवाल्याशी बोटाने बोलायचे, काय सांगू तुम्हाला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या नलूताईने हाताला धरून मला बसमध्ये चढायला शिकवलं. पुढे सगळे गुडगावला फ्लॅट घ्यायला लागले तेव्हा आम्ही दोघींनी एकाच सोसायटीत बुक केले. तिकडे नुसती सरसोंची शेतं तेव्हा, ह्यांचे मित्र म्हणायचे, जंगल में कौन रहेगा. आता बघा, टॉवरच टॉवर. ती सहाव्या मजल्यावर, मी चौथ्या.

तर माझी इरा. जन्मली तेव्हा आम्ही तिला मुलगाच समजलो, मुंजसुद्धा केली. नोकरीला लागल्यावर एक दिवस म्हणाली आई, मी मुलगी आहे, लहानपणापासूनच होते. हे जेवताना मान वर करीनात, मी आपली रडतेय. नलूताई म्हणाली अगं रडतेस काय, मूल तेच आहे ना. आणि संक्रांतीला आपली काळी साडी नेसवून सगळ्या बायकांसमोर तिने इराला हळदीकुंकू लावलं. त्या दिवशी कुणाची टाप होती काही बोलायची!

इरा इथल्याच एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होती, गेममधले आवाज करायची. फोनवरचा पत्त्यांचा गेम हो, डाव जिंकला की बांगड्या वाजतात, त्या माझ्या बांगड्या, मला स्वयंपाकघरात उभं करून तिने रेकॉर्ड केल्या होत्या. मी हौसेने आमच्या सोसायटीच्या महिला मंडळातल्या सगळ्या बायकांच्या फोनवर तो गेम घालून दिला, मीच.

ती इरा म्हणून ऑफिसात जायला लागली तशी कंपनीने तिचा मोठा फोटो लावला, बघा आम्ही किती मोकळ्या मनाचे. आणि आत काय, तर लेडीज टॉयलेटला जाऊ नको, बाकीच्यांना ऑकवर्ड होतं, म्हणून पोरगी दिवसभर पाणी प्यायची नाही. बॉस मुद्दाम जुन्या नावाने हाक मारायचा आणि सगळे हसायचे. तक्रार केली तर म्हणाले तुझंच काम ढिलं पडलंय, आणि काढून टाकलं. त्याच ऑफिसातल्या तिच्यासारख्या आणखी दोघींनी हेच सांगितलं, कंपनी म्हणते सगळं खोटं.

मी मंडळात सांगितलं, बायांनो, तो गेम काढून टाका. सगळ्या म्हणाल्या बिल्कुल. नलूताईने तर माझ्या डोळ्यांदेखत काढला, म्हणाली आग लागो त्या कंपनीला.

परवा दुपारी तिला खिचडी द्यायला गेले, दार उघडंच होतं, आणि आतून बांगड्या वाजल्या. माझ्या बांगड्या मला कळणार नाहीत का? मला बघून ओशाळली, मग म्हणाली अगं दुपार जात नाही यार, माझ्या एकटीच्या खेळण्याने कंपनीचं काय बिघडणार, आणि आपल्या पोरीचीच मेहनत आहे त्यात, ती का फुकट घालवायची, इराची आठवण येते म्हणून खेळते मी. काय सांगू तुम्हाला, मेहनतीचं म्हणणं तर मला खरंही वाटलं. बाकीच्या लपून खेळत असतील हे मी धरूनच चालले होते हो, पण हिने दगा द्यावा? खिचडी ओट्यावर ठेवली आणि जिन्यानेच उतरले.

इराला सांगणार नव्हते, पण माझं तोंड बघून तिने काढून घेतलंच. चिडली नाही. म्हणाली आई, कंपनीकडून मला आता काही नको, पण आठवण येते म्हणाली ना मावशी, मग नोकरी सुटल्यापासून मी दिवसभर घरातच आहे, दोन मजले उतरून यायला तिला काय झालं?

नलूताईचं भलं होवो, तिच्या गुडघ्यांना आराम पडो, मी वाईट चिंतणार नाही. पण दुपारी बेल वाजली की इरा अजून केस सारखे करून दार उघडायला जाते, आणि बाहेर कुरियरवाला असतो.